अनंताच्या कानातलं तांबं

तुळसाबाई जात्यावर तूर भरडत बसली होती, तेव्हा रुखमाबाई निरोप घेऊन आली. रुखमाबाई पोस्टमास्तरांच्या घरी धुणंभांडी करायची, आणि त्या घरातली गोष्ट तिच्या पोटात संध्याकाळपर्यंतही टिकत नसे. आज तर तिला बोलायलाच पाठवलं होतं, त्यामुळे तिचा रुबाब काही वेगळाच होता. उंबऱ्याच्या बाहेर, उंबऱ्याला पदर लागणार नाही अशा बेतानं ती बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

पोस्टमास्तरांच्या अनंताचं लग्न ठरलं होतं. मुलगी यवतमाळची, नाव कुंदा, मॅट्रिक झालेली. लग्न वैशाखात. तर मास्तरीणबाईंचं म्हणणं असं, की येत्या गुरुवारी तुळसाबाईनं घरी यावं आणि अनंताच्या कानातली बाळी आपल्या हातानं काढून द्यावी. अंगणात पाट मांडतील, लुगडं देतील, ज्वारीनं ओटी भरतील. मग गुरुजी ती बाळी बेंबळा नदीच्या पाण्यात सोडतील.

जात्याचा खुंटा तुळसाबाईच्या हातातच राहिला.

"पान्यात काहून?" तिनं विचारलं.

रुखमाबाईला या प्रश्नाचं नवल वाटलं. तांब्याची एवढीशी बाळी घरात ठेवून करायचं काय, असं ती म्हणाली आणि उठून गेली. तिला अजून दोन घरी ही बातमी पोचवायची होती, ती मात्र कोणी न सांगता.

तुळसाबाईनं पुन्हा खुंटा धरला, पण जातं काही फिरेना. बाभुळगावात कोणालाच ठाऊक नव्हतं की ती बाळी म्हणजे तिच्या मेलेल्या लेकीचं कडं होतं. लेकीचं म्हणून या जगात तेवढंच उरलेलं होतं. एका माणसाला ठाऊक होतं, तो म्हणजे तिचा नवरा नागोराव, आणि तो बोलणाऱ्यातला नव्हता.

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. पोस्टमास्तर मधुसूदनरावांच्या रत्नप्रभाबाईंची लागोपाठ तीन मुलं गेली होती. पहिलं सव्वा महिन्याचं, दुसरं पाच महिन्यांचं, तिसरं बारशाआधीच. ती तिन्ही बाळंतपणं त्यांच्या माहेरी झाली होती. चौथ्या वेळी मात्र त्या माहेरी गेल्या नाहीत. माहेरची हवाच बाधते असं कोणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं. म्हणून चौथ्याला तुळसाबाई सुईण आली आणि अनंत तिच्या हातावर जन्मला. चांगला खणखणीत रडला. पण ज्या बाईनं तीन वेळा असं रडणं ऐकलंय आणि तीन वेळा ते थांबलेलंही पाहिलंय, तिला त्या रडण्याचा काय भरवसा वाटणार.

अशा घरासाठी एक रीत होती. मूल जगत नसेल तर ते सुईणीला विकायचं. सुईणीनं मूठभर ज्वारी द्यायची, मूल पदरात घ्यायचं आणि मग ते घरच्यांकडे सांभाळायला म्हणून परत द्यायचं. म्हणजे मृत्यू त्या घराचं मूल शोधत आला तर त्याला ते सापडूच नये. मूल आहे, पण ते दुसरीचं आहे. आणि खूण म्हणून सुईणीनं त्याच्या उजव्या कानाची वरची कड टोचायची आणि आपल्या घरच्या तांब्याची बाळी घालायची. लग्नाच्या आधी तिनंच ती काढायची, तेव्हा मूल पुन्हा आईबापांचं. मृत्यूला इतकं भोळं समजणारी माणसं एरवी बाजारात वांगीसुद्धा चार वेळा दाबून बघत, पण भ्यालेल्या माणसाला शहाणपण शिकवायला जाऊ नये.

रीतीला एक अट होती. ज्या घरचं तांबं घ्यायचं, त्या घरातून एकही मूल गेलेलं नसावं.

रत्नप्रभाबाईंनी बाजेवर पडल्यापडल्याच विचारलं होतं, "तुळसे, तुझ्या घरचं एखादं गेलेलं नाही ना?" दाराआड मधुसूदनराव उभे होते, त्यांची नुसती सावली दिसत होती.

तुळसाबाईचं पहिलं लेकरू फुलसावंगीला गेलं होतं. मुलगी होती, भागीरथा. सहा महिन्यांची. थंडीचे दिवस होते, खोकला झाला आणि तीन दिवसांत खेळ संपला. त्यानंतर धर्मपाल झाला. तो कडेवर असतानाच नागोरावाला बाभुळगावच्या जिनिंगमध्ये काम मिळालं आणि बिऱ्हाड इकडे आलं. भागीला इथं कोणी पाहिलं नव्हतं आणि तिच्याविषयी कोणी विचारलंही नव्हतं. तेव्हा तुळसाबाई "नाई" म्हणाली. सरळ, डोळ्याला डोळा देऊन. लुगड्याचा मोहही होता, उगाच तिला देवमाणूस कशाला करायचं. पण खरं कारण वेगळं होतं, ते पुढे तिच्याच तोंडून येईल.

खोटं बोलून झाल्यावर तांब्याची पंचाईत आली. घरातलं पाणी मातीच्या मडक्यात, जेवण जर्मनच्या ताटलीत. तांबं म्हणावं असं घरात एकच होतं: भिंतीतल्या कोनाड्यात चिंधीत बांधून ठेवलेलं भागीचं कडं. कडं कसलं, बारीक तार होती नुसती. तुळसाबाईनं ती चुलीच्या निखाऱ्यात धरून मऊ केली. तिचा एक वेढा कानासाठी ठेवला आणि उरलेली तार त्याच वेढ्याला गुंडाळून घेतली. काहीही कापलं नाही. सगळं कडंच्या कडं बाळीत बसवलं. कापायला तिचा हात धजला नाही.

टोचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाभळीचा काटा ती स्वतः निवडायची, फार जून नाही, फार कोवळा नाही, तुपात बुडवलेला. खालची पाळी मऊ असते, ती तर झोपलेल्या मुलाचीही टोचता येते. वरची कड कुरकुरीत. तिथं काटा दाबला की बारीकसा आवाज होतो आणि तो आईनं ऐकू नये म्हणून तुळसाबाई नेमकी त्याच वेळी मोठ्यानं काहीतरी बोलायची. अनंत एकदाच किंचाळला आणि दूध ओढायला लागला. तिनं बाळी घातली, टोक वेढ्याखाली दडपलं आणि हात पुसत घरी आली. त्या दिवशी तिला भाकर गेली नाही.

पुढं बावीस वर्षं ती बाळी गावात हिंडली. शाळेत गेली, विहिरीवर गेली, थंडीत भाजलेला हुरडा खायला शेतात गेली. रत्नप्रभाबाई दर शुक्रवारी ती चिंचेनं घासायच्या, त्यामुळे दुरूनही चमकायची. तुळसाबाई रस्त्यात भेटली की आधी अनंताच्या कानाकडं बघायची आणि मग त्याच्याकडं. पोराला वाटायचं, ही आपली दुसरी आई, म्हणून निरखून बघते. तो तिला तुळसामाय म्हणायचा. दिवाळीला करंज्या घेऊन यायचा, बाजेवर बसायचा, आणि घरी गेल्यावर आंघोळ करावी लागते हे स्वतःच हसत सांगायचा.

सात वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला. तुळसाबाई नऊ दिवस पोस्टाच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसून होती. लोक म्हणाले, माया आहे. माया होतीच, पण त्याहून जास्त भीती होती. आपल्या खोट्यापायी हे पोरगं चाललं, या एका विचारानं ती आतून पोखरून निघाली होती. दहाव्या दिवशी ताप उतरला. मेलेल्या पोरीचं तांबं कानात असूनही पोरगं उठून पेज प्यायलं. त्या दिवशी तुळसाबाईनं मनाशी एक हिशेब पक्का केला: तांब्यात काही नाही. ना तारणारं, ना मारणारं. म्हणून छप्पन साली नागपूरला त्या अफाट मैदानात उभं राहून जुनं सारं टाकायची शपथ घेतली, तेव्हा भोवतालच्या कित्येक बायांचा आवाज कापत होता, तिचा कापला नाही. त्यातलं अर्धं तिनं आठ वर्षांपूर्वीच कडुलिंबाखाली टाकलं होतं.

वस्तीच्या तोंडाशी आता बौद्धवाडा अशी पाटी लागली होती. गाव जुन्याच नावानं बोलायचं, तो भाग वेगळा. तुळसाबाई दाईचं शिक्षण घेऊन आली होती. तिच्याकडं पेटी होती, कात्री उकळायची सवय होती, काट्याच्या जागी सुई आणि तुपाच्या जागी स्पिरिट आलं होतं. वस्तीच्या बैठकीत पोरांनी एकदा विषय काढला की नाककान टोचणंच बंद करा. तिचा धर्मपालच त्यात पुढे होता. नुकताच शाळेत मास्तर झालेला, तेव्हा जगाला धडा शिकवायची घाई होती. तुळसाबाई उठून म्हणाली होती, की नवसाचं टोचणं मी कवाच सोडलं, पण पोरीला कानात फूल घालावंसं वाटलं तर त्यात देव कुठून आला. कान तिचा, भोक तिचं, दुखणंही तिचंच. बैठक हसली आणि विषय तिथंच मिटला.

आता त्याच तुळसाबाईनं पोस्टमास्तरांच्या अंगणात वेगळ्या पाटावर बसायचं, ज्वारीनं ओटी भरून घ्यायची, आणि विकत घेतलेलं मूल परत विकायचं. संध्याकाळी धर्मपालला कळलं तेव्हा तो ताटावरून उठला नाही एवढंच. त्याचं म्हणणं सरळ होतं: तू गेलीस तर वस्तीनं सात वर्षं जे सांभाळलं त्यावर पाणी पडेल. तिला ते पटत होतं. पटत होतं म्हणूनच पेच होता. गेली तर शपथ मोडते. नाही गेली तर दुसरा कोणी सोनार बाळी कापील आणि कापलेली तार नदीत जाईल. दोन्हीकडून भागी पाण्यातच.

धर्मपाल ओट्यावरच्या कंदिलाशी वह्या तपासायला गेल्यावर नागोरावानं विडी विझवली.

"भागीचं हाये ते," तो म्हणाला.

"मले मालूम नाई काय," ती म्हणाली. त्या दोघांत भागीचं नाव कित्येक वर्षांनी निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रुखमाबाईकडून निरोप धाडला की आम्ही ते सारं सोडलं, मी अंगणात येणार नाही. निरोप पोचला आणि पोस्टमास्तरांच्या घरातला लग्नाचा उत्साहच मावळला. रुखमाबाईनं येऊन सांगितलं, मास्तरीणबाई जेवल्या नाहीत. मुलीकडची एक मावशी साखरपुड्यातच बोलून गेली होती, की विकलेला मुलगा परत घेतल्याशिवाय आईनं लग्नाआधीच्या ग्रहमखाच्या पूजेला पाटावर बसायचं कसं. त्यापेक्षा चुलतीला बसवा. चुलती म्हणजे रत्नप्रभाबाईंची सख्खी जाऊ, पण त्यांना ती तेवढी सख्खी वाटत नव्हती. तीन मुलं घालवून जे एक जगलं, त्याच्याच लग्नात आई म्हणून पाटावर बसता येऊ नये, हे त्यांना फार लागलं होतं. तुळसाबाईनं ते ऐकलं आणि तिलाही वाईट वाटलं. तिनं कोणाची जागा कधी मागितली नव्हती.

रविवारी दुपारी अनंत स्वतः आला. वणीला खाणीच्या कचेरीत त्याला नोकरी लागली होती, सुट्टीवर आलेला. सायकल भिंतीला लावून तो नेहमीसारखा बाजेवर बसला आणि म्हणाला, की तुळसामाय, तू अंगणात येऊ नको, बरोबरच आहे तुझं; इथंच काढ, मी घरी सांगतो तिनंच काढली म्हणून.

मग तिनं पूर्वी कधी न विचारलेलं विचारलं. एवढा शिकला, यवतमाळला वसतिगृहात राहिला, तिथं पोरं हसली नाहीत का. हसली की, तो म्हणाला. बाळीवाला म्हणायची, एकानं तर झोपेत ओढायचा प्रयत्न केला होता. मग कधी काढून का नाही टाकली? अनंतानं कानाला हात लावला. त्याचा त्यावर मुळीच विश्वास नव्हता. पण परीक्षेला जाताना आई तोंडावरून हात फिरवायची आणि हात शेवटी बाळीवर येऊन थांबायचा. तिला तिथं काहीतरी धरायला मिळतं, तर माझं काय जातं, असं तो म्हणाला. पोरगं शहाणं निघालं होतं. तुळसाबाईला अभिमान वाटला, आणि तो वाटायचा आपल्याला काय हक्क, असंही वाटलं.

तिनं तिळाच्या तेलाची वाटी आणली. धर्मपालच्या हत्यारांतला बारीक चिमटा आणला. अनंतानं मान वाकवली. तेवढ्यात तिची नजर कोनाड्याकडे गेली. धर्मपालनं रेडिओसाठी आणलेल्या तारेचा तुकडा तिथं पडला होता, तांब्याचा, तेवढ्याच जाडीचा. बसल्या बसल्या तशीच दुसरी बाळी वळता आली असती. ही काढायची, ती द्यायची. गुरुजी रेडिओची तार नदीत सोडतील, मास्तरीणबाई पाटावर बसतील, आणि भागी घरी येईल. कोणाचं काहीच बिघडणार नव्हतं. चिमटा हातात धरून ती चांगली घटकाभर तशीच उभी राहिली.

मग तिनं चिमटा खाली ठेवला. एका खोट्याला बावीस वर्षं सांभाळता सांभाळता ती थकली होती. आता या वयात दुसरं वाढवायची तिच्यात ताकद नव्हती.

"अनंता, माह्याच हातानं निघंल," ती म्हणाली. "पन तुह्या मायले घेऊन ये. इथं. तिले म्हनाव, तुळसाबाईले काई सांगाचं हाये."

आई इथं येणार नाही, असं तो म्हणाला. येईल, असं ती म्हणाली. ज्या बाईला पाटावर बसायचं आहे ती एवढं अंतर चालेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी ऊन कलायच्या आधीच रत्नप्रभाबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत लुगडं. सारी वस्ती दारादारांतून बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. नागोराव उठून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. तुळसाबाईनं बाज सावलीत ओढली, पण रत्नप्रभाबाई बसल्या नाहीत. अनंत दोघींच्या मधे, आपण इथं नसतो तर बरं अशा चेहऱ्यानं उभा होता.

तुळसाबाईनं रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"बाई, ते तांबं माह्या पोरीचं हाये," ती म्हणाली. "भागीरथा नाव होतं. फुलसावंगीले गेली, सहा महिन्याची. तिच्या हातातलं कडं होतं. तुमी मले इचारलं, घरचं कोनी गेलं काय, आन् मी नाई म्हनली. खोटं बोलली मी."

रत्नप्रभाबाईंच्या हातातली पिशवी गळून पडली. आधी त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी अनंताचा दंड असा धरला, की जणू तो आत्ताच कुठंतरी निघून चालला होता.

"बावीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मेलेल्या मुलीचं तांबं माझ्या मुलाच्या कानात."

"हो."

"काढ. आत्ताच्या आत्ता काढ ते."

रागानं त्यांचा आवाज फुटत होता, आणि तो राग रास्तच होता. तुळसाबाईनं वाद घातला नाही. अनंत बाजेवर बसला. तिनं कानाला तेल लावलं, बाळी दोन बोटांत हळूहळू फिरवून मोकळी केली, चिमट्यानं दडपलेलं टोक वर उचललं. आपल्याच हातचा वेढा, बोटांना आठवत होता. कुठं ओढायचं, कुठं थांबायचं, सगळं. बाळी निघाली. कानाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक तेवढं राहिलं.

"आई," अनंत कान चोळत म्हणाला, "मुदतीचा ताप आला होता तेव्हाही हीच होती ना?"

रत्नप्रभाबाई इतका वेळ उभ्या होत्या, त्या आता बाजेच्या कडेला बसल्या. मग त्यांनी विचारलं, की खोटं का बोललीस. या वेळी आवाज खाली आला होता.

"तुमच्या मांडीवर लेकरू होतं, बाई. तुमी मंग दुसरं घर ढुंढत बसल्या असत्या. आन् तसं घर गावात नोतंच." तुळसाबाई थांबली. "पाटलाचं नोतं, सावकाराचं नोतं, आमच्याइकडं त नोतंच नोतं. ज्या घरचं एकबी लेकरू गेलं नाई, असं एक घर नोतं बाभुळगावात. मी सुईन. मले समद्या घरचं मालूम. तुमाले कसं सांगू, का तुमी जे मांगून राह्यल्या ते कोनापाशीच नाई?"

विहिरीवर नागोरावानं विडी पेटवायला काडी ओढली, ती विझली, त्यानं दुसरी ओढली.

"केवढं होतं ते कडं?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

तुळसाबाई बाळी घेऊन आत गेली. चूल तापलेलीच होती. तिनं तार निखाऱ्यात धरली, लाल झाली तशी पाण्यात बुडवली आणि पाट्यावर बसून वेढा न् वेढा उलगडला. गुंडाळलेल्या बाजूला तांबं अजून नवं होतं. मग तिनं ते गोल वाकवलं, टोकाला टोक भिडवलं आणि बाहेर आणून रत्नप्रभाबाईंच्या पुढं धरलं. त्यांनी ते हातात घेतलं. कोणी विटाळाचा विचार केला असेल तर तो निदान त्या दोघींनी केला नव्हता. रत्नप्रभाबाईंनी कड्यात दोन बोटं घातली, तिसरं घालून पाहिलं, ते गेलं नाही.

"माझ्या दुसऱ्याचं मनगट एवढंच होतं," त्या म्हणाल्या.

"नाव काय होतं त्याचं?"

"वसंत." त्यांनी ते नाव फार हळू उच्चारलं. अनंत चमकून आईकडं बघायला लागला. आपल्याला वसंत नावाचा भाऊ होता, हे त्याला बाविसाव्या वर्षी कळत होतं.

रत्नप्रभाबाई रडल्या. तुळसाबाईही रडली, आणि आधी कोण रडलं हे वस्तीत अजून ठरलेलं नाही. उठताना रत्नप्रभाबाईंनी कडं तिच्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर तिची बोटं आपल्या हातानं मिटली. लुगड्याची पिशवी तुळसाबाईनं उचलून परत त्यांच्या हातात दिली. मी कोणाचं लेकरू विकत घेतलंच नव्हतं, तेव्हा परत द्यायचा प्रश्न येत नाही, असं ती म्हणाली. लेकरू बाईंचंच होतं, पहिल्या दिवसापासून.

वैशाखात यवतमाळला लग्न झालं. रुखमाबाई भांड्यांसाठी बरोबर गेली होती, त्यामुळे तिकडचं सगळं परत आल्यावर तपशीलवार ऐकायला मिळालं. बुंदी कशी होती, कुंदाच्या मामानं मानपानावरून कसं तोंड फुगवलं, आणि ग्रहमखाच्या वेळी त्या मावशीनं चारचौघींत कसं विचारलं.

"बाळी नदीत सोडली ना नीट?" मावशी म्हणाली होती.

तुळसाबाई तूर भरडत होती. तिनं जातं थांबवलं.

"मंग? काय म्हनल्या बाई?"

"म्हनल्या, जिची होती तिले देली," रुखमाबाई म्हणाली. "आन् पाटावर जाऊन बसल्या."